पार्श्वभूमी : अनामिक

प्रदर्शनाचं पत्रक हातात पडलं तेव्हा चित्रकलेच्या बाई मधल्या सुट्टीत डबा खात होत्या. कागद गुळगुळीत, महागातला. वर ठळक अक्षरांत ‘फुली’ आणि खाली एका चित्राचा फोटो. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन लाल रेघा, खडू मोडेल इतक्या रागाने ओढलेल्या. आणि त्या रेघांमागे, मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन बसलेली बाईंची आई.

बाईंचा घास तोंडातच राहिला.

फोटोखाली बारीक अक्षरांत माहिती होती : ‘फुली क्रमांक सतरा. कागदावर लाल खडू. पार्श्वभूमी : अनामिक.’ म्हणजे फुली हे चित्र आणि आई ही पार्श्वभूमी. जिने आईला काढलं ती अनामिक. घ्या! जन्मदात्रीला मागे ढकललं आणि लेकीचं नावही खाल्लं, तेही इतक्या सुबक छपाईत.

फुली मारणारे मास्तर गेल्या वर्षी वारले. नाव मोठं होतं त्यांचं. साबणाची वेष्टनं, काड्यापेट्या, चहाचे पुडे ते भिंतीएवढे रंगवायचे. दुकानात लोक ज्या वस्तूंकडे ढुंकून बघत नसत, त्याच मास्तरांनी भिंतीवर टांगल्या की तेच लोक मान तिरकी करून उभे राहायचे. मास्तर कला महाविद्यालयात शिकवायचेही. शिकवायचे म्हणजे ओरडायचे. “चेहरे कॅमेऱ्यावर सोडा! तुम्ही डबे काढा, डबे! डबा खोटं बोलत नाही.”

बाई पहिल्या वर्षाला होत्या तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना घरचा एक डबा काढून आणायला सांगितला. घरात धड डबा एकच होता आणि तो आईच्या मांडीवर असायचा. त्यात सुया, दोरे आणि बटणं. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं असतात असं जगात एकट्या मास्तरांनाच वाटत असावं. आई उसवलेली बाही शिवत बसली होती. तिला पत्ता लागू न देता मुलीने पक्क्या शाईने डबा काढला, आणि डब्याबरोबर आईही आली.

मास्तरांनी तो कागद सगळ्या वर्गापुढे धरला. “मी डबा मागितला होता. ही कोण? आणि ही करंगळी बघा. माणसाची आहे की वाळलेली शेंग?” वर्ग खिदळला. मग मास्तरांनी खडू उचलला, आणि दोन्ही रेघा बरोबर आईच्या नाकावर एकमेकींना छेदतील अशी फुली मारली.

खरं सांगायचं तर फुलीचं बाईंना तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं. मास्तरांची फुली म्हणजे गालगुंड, एकदा सगळ्यांनाच व्हायचं. पण परीक्षेसाठी म्हणून कागद त्यांनी ठेवून घेतला, आणि त्याच हिवाळ्यात आई तापाने गेली. होत्याचं नव्हतं झालं.

मग घरात फोटोंची शोधाशोध झाली. फोटो होते की! पण आईला कॅमेऱ्याचं भारी वावडं. कुणी कॅमेरा रोखला की ती लाजून लाल व्हायची आणि “अगं बाई, माझा नको!” म्हणत हात पुढे करायची. त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोटोत आईच्या जागी एक तळहात. वाढदिवसाला तळहात, सहलीला तळहात, काकाच्या लग्नातही तळहातच. धाकटी बहीण तेव्हा नुकती चालायला लागलेली. शाळेत गेल्यावर तिला ‘माझी आई’ काढायला सांगितलं, तर तिने पाच बोटं काढली.

बाईंनी कॉलेज सोडलं, धाकटीला वाढवलं, शाळेत नोकरी धरली. त्या कागदासाठी मास्तरांच्या दारी किती खेटे घातले त्याला सुमार नाही. मास्तर म्हणायचे, “असेल इथेच कुठेतरी. सापडला की देतो.” पण मास्तरांच्या घरात वस्तू हरवायच्या, सापडायच्या नाहीत. लोक म्हणायचे, अहो, तुम्ही चित्रकार, आठवणीतून काढा की. काढलीही. पण आठवणीतली आई दर खेपेला आधीपेक्षा देखणी यायची, आणि ही आपली नव्हे हे बाईंना लगेच कळायचं. शेवटी त्यांनी कानाला खडा लावला.

आणि आता आई पत्रकावर!

मास्तरांच्या पश्चात त्यांच्या घरातला कागद न् कागद एका संस्थेने उचलून नेला होता. शाळा सुटल्यावर बाई थेट तिथे गेल्या. वाचनाच्या खोलीत शिंप्याने लिहून दिलेलं मास्तरांच्या विजारीचं माप काचेखाली ठेवलं होतं आणि शेजारी पाटी होती, ‘देह आणि संख्या’. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाकाचाच पत्ता नव्हता.

संग्रहाचे व्यवस्थापक पांढरे हातमोजे घालून बसले होते. फोन घेतानासुद्धा ते काढत नव्हते, म्हणून बाईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव हातमोजेच ठेवून टाकलं.

“सतरा नंबरचं चित्र माझं आहे,” बाई म्हणाल्या, “आणि ती माझी आई आहे.”

“अरे वा! म्हणजे अनामिक ते आपणच?” हातमोजे हरखले. “फार मोलाची माहिती दिलीत. नोंद करून ठेवतो.”

“नोंद नको. चित्र द्या.”

हातमोज्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमाबाहेर त्याला श्वास घेता यायचा नाही. “नियम साफ आहे, बाई. ज्या कागदाला मास्तरांचा हात लागलाय, तो संग्रहाचा. ज्याला नाही लागला, तो ज्याचा त्याला परत. परवाच एका गृहस्थांना त्यांचं घुबड दिलं आम्ही. मास्तरांनी त्याला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.”

“आणि माझ्या आईला?”

“हात लावलाय की! एवढी थोरली फुली! आपल्याला सांगतो, सगळ्या फुल्यांमध्ये ही सरस. काय तो आवेग! चेहरा नाकारून मास्तरांनी इथे वस्तूची सत्ता…”

“चेहरा त्यांना काढता यायचा नाही,” बाई म्हणाल्या. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

हातमोज्यांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं आणि चित्राची फोटोप्रत देऊ केली. फुलीसकट. फुली म्हणजेच चित्र, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी ती प्रत स्टुडिओवाल्याकडे नेली. त्याने संगणकावर फुली पुसली आणि खाली उरलेल्या भोकात कुणा भलत्याच बाईचे गाल आणि नाक बसवून दिले. वर विचारलं, “हसरी करू का?”

धाकटीने तो कागद बघितला आणि टराटरा फाडला. “मी जाते तिथे आणि उचलून आणते!”

“वेडी आहेस का? तुरुंगात टाकतील.”

“टाकू देत! आई बघून जाईन ना, ताई. तू अठरा वर्षं बघितलीस तिला. मला काय आलं वाट्याला? तळहात!” एवढं बोलून ती भांडी आपटत घासायला लागली.

सोमवारी चित्र चौकटीत, काचेमागे जाणार होतं. त्याआधी एकदा डोळे भरून बघावं म्हणून शनिवारी बाई परत गेल्या. मनात दुसरं काही नव्हतं, खरंच नव्हतं. हातमोज्यांनी रिवाजाप्रमाणे पाटी वाचून दाखवली. पेन बंद, शाई बंद, खाणं बंद, पाणी बंद. शिसपेन आणि खोडरबर चालेल.

“खोडरबर चालतो?”

“चालतो की. लोक टिपणं काढतात, चुका होतात.”

बाईंनी चित्राकडे पाहिलं. खडू अजून कागदावर भुरभुरत होता. “खडू झडू नये म्हणून यावर काही फवारलं नाहीत?”

“छे छे!” हातमोज्यांनी छाती पुढे काढली. “आमचं तत्त्वच आहे ते. जे जसं आलं ते तसंच. आम्ही काहीसुद्धा करत नाही!”

तेवढ्यात शेजारच्या खोलीत फोन वाजला. अध्यक्षांचा होता. प्रदर्शनाच्या फलकावर मास्तरांचं नाव मोठं की अध्यक्षांचं, असा काहीतरी पेच होता, आणि हातमोजे ‘हो साहेब, तसं नाही साहेब’ करत तिकडेच अडकले.

बाईंनी पर्स उघडली. पोरांच्या चित्रांवरचा जास्तीचा कोळसा टिपायला त्या कणकेसारखा मऊ रबर बाळगायच्या. घासायचा नाही, नुसता दाबायचा आणि उचलायचा. आयुष्यात कुणाची टाचणी न उचललेली बाई! आधी कपाळ मोकळं झालं. मग डावा डोळा, खाली शिवणीकडे लागलेला. मग नाक, आणि नाकाशेजारचा तो तीळ, जो बाई साफ विसरून गेल्या होत्या. आठवणीतल्या एकाही आईला त्यांनी तीळ दिला नव्हता. बाईंना भडभडून आलं. पण रडून चालणार नव्हतं. खोलीत पाण्याला बंदी होती.

हातमोजे परत आले तेव्हा रबर लालबुंद होऊन पर्समध्ये गेला होता.

“बाई,” ते खुर्चीत कोसळले. “फुली कुठाय?”

“कुठली फुली?”

“सतरा नंबरची! अहो, गुन्हा आहे हा! मी पोलिसांना बोलावीन!”

“बोलवा. पण आधी तुमचा नियम सांगा. या कागदाला मास्तरांचा हात लागलाय का?”

हातमोज्यांनी फोनकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे. वाचकाला खोलीत एकटं सोडू नये, हेही तिथेच लिहिलेलं होतं. त्यांनी भिंग काढलं आणि कागद वरपासून खालपर्यंत तपासला. नियमाचा माणूस. सोडायचा तर नियमानेच सोडणार. मध्येच त्यांचं भिंग थांबलं.

“ही इथे गालावर लाली आहे. खडूची.”

बाईंनी वाकून पाहिलं. खरंच होती, पुसट, दोन्ही गालांवर. रबर तेवढी उचलू शकला नव्हता. आता संपलं, असं त्यांना वाटलं. पण तोंडातून आपसूक निघालं, “ती आईची आहे. कुणी निरखून पाहिलं की लाजायची ती.”

हातमोजे बराच वेळ त्या गालांकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंग मिटवलं. “मास्तरांना चेहरे काढता यायचे नाहीत,” ते हळू आवाजात म्हणाले. “ही लाली त्यांची असूच शकत नाही.” आणि परतीच्या कागदावर बाईंची सही घेतली. बाई जिना उतरत होत्या तेव्हा ते अध्यक्षांना फोनवर सांगत होते, “सतरा नंबरची चौकट रिकामी असेल, साहेब. हो, मुद्दामच. फार खोल अर्थ आहे.”

घरी धाकटीने टेबल पुसलं, हात धुतले, पुसले, परत धुतले. बाईंनी कागद उलगडून ठेवला आणि त्या बाजूला सरकल्या. आता ऐन वेळी त्यांना धास्ती वाटायला लागली. पोरीला काहीच वाटलं नाही तर? कुणी अनोळखी बाई बसलीय, एवढंच दिसलं तर?

धाकटीने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ती डब्यावरच्या हाताकडे बघत होती. मग उठून तिने काकाच्या लग्नातला फोटो आणला आणि चित्राशेजारी ठेवला. फोटोतल्या तळहाताची करंगळी आत वळलेली होती. चित्रातली करंगळीही तशीच, वाळलेल्या शेंगेसारखी.

“हीच,” धाकटी म्हणाली. “हा हात मला पाठ आहे.”

मग तिची नजर त्या हातावरून मनगटावर आली, मनगटावरून बाहीवर, तिथून खांद्यावर. घाबरत घाबरत वर चढावं तशी. चेहऱ्यापाशी येऊन ती थांबली. धाकटीचे केस आता कानांपाशी पांढरे झाले होते.

“अगं ताई,” ती म्हणाली, “ही तर माझ्यापेक्षा लहान आहे गं.”

आणि तिने चित्रातल्या हाताशेजारी टेबलावर आपला हात ठेवला.