उपडी बादली आणि मिटलेले डोळे

सणाच्या दिवशी गाईंना आशीर्वाद द्यायला आमच्याकडे फादर येतात. यंदा त्यांच्याआधी गावोगाव पूड विकणारा रॅन्डल्फ आला आणि तुलारे गावातले सगळे पोर्तुगीज गवळी दिओलिंदामावशीच्या शेणतळ्याकाठी गोळा झाले.

रॅन्डल्फने पाण्याने भरलेली बादली तळ्यात उपडी धरली आणि काठीने तळ ढवळला. बुडबुडे आत शिरले. बादली तशीच उपडी उचलून त्याने तिच्या तोंडाशी पेटती काडी नेली, तशी निळी ज्योत भडकली. सरकार हवा तापवणाऱ्या याच वायूपायी तुमच्यामागे हात धुऊन लागलंय, तो म्हणाला. मग त्याने तळ्यात 'पवित्र' पूड उधळली आणि बादली पुन्हा तशीच बुडबुड्यांनी भरली. "आता टोप्या काढा, डोळे मिटा." प्रार्थना लांबतच गेली. आमेननंतर काडी नेली, तर काहीच पेटलं नाही. बायका आनंदाने रडू लागल्या.

मला मात्र खटकलं. डोळे मिटायला सांगणाऱ्याला काय लपवायचं असतं?

तळं झाकून वायू नळीने गोळा करायला राज्य सरकार मदत देणार होतं. सहीची मुदत उद्यापर्यंत होती. वायू घटला नाही, तर मावशीच्या गोठ्याला कुलूप लागणार होतं. मावशी म्हणाली, "पूड असताना झाकण कशाला?"

सही घ्यायला आलेल्या सरकारी तपासनीस मॅरिसेलाने वायू टिपणाऱ्या कॅमेऱ्याने विमानातून घेतलेलं चित्र दाखवलं. शेजारच्या तळ्यात महिन्यापूर्वी हीच पूड पडली होती, तरी वर वायूचा लोट तसाच होता. "विमानाला काय कळतंय?" कुणीतरी टोमणा मारला.

"मग पुन्हा करू दे याला," मी म्हणालो. "या वेळी डोळे उघडे ठेवून."

अश्रद्धांपुढे चमत्कार होत नाही, असं म्हणत रॅन्डल्फ गाडीकडे सरकला. मॅरिसेलाने बाह्या सरसावल्या. पूड टाकलेल्याच पाण्यातून तिने उपडी बादली भरली आणि उपडीच ठेवून काडी लावली. ज्योत भडकली. दुसरी बादली भरून तिने सुलटी केली आणि ती थोडं थांबली. मग काडी नेली, तर काहीच पेटलं नाही.

"हा वायू हवेपेक्षा हलका," ती म्हणाली. "बादलीचं तोंड वर केलं की उडून जातो. तुम्ही माना खाली घातल्या, तेव्हा यानं एवढंच केलं. वायू नाहीसा झाला नाही, दिओलिंदाबाई. आभाळात गेला. तुमच्या तळ्यातून तो रोज तसाच जातोय. म्हणून तर आम्ही वरून मोजतो."

तोवर गाडी धूळ उडवत पळाली होती.

मावशीने सही केली आणि फादर आल्यावर डोळे मिटून आशीर्वादही घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "देवापुढे मिटीन रे. माणसापुढे नाही."

तुम्हीही एवढं कराच.