ठिणगी न पडलेली बाई

फट् असा बारीक आवाज झाला, निळसर ठिणगी उडाली आणि शिंप्याची बायको किंचाळली, "गेलं! पाप गेलं माझं!" हॉलभर टाळ्या पडल्या. पाप कोणतं होतं हे कुणी विचारलं नाही. शेजारणी मात्र मनातल्या मनात यादी करत असाव्यात.

हॉल भाड्याचा. खिडक्या गच्च बंद, कोपऱ्यात हीटर. दारातल्या नळावर पाय धुवायचे, ओल्या अनवाणी पायांनी लांबलचक नायलॉनच्या गालिच्यावरून जायचं आणि ओल्या फरशीवर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर उभं राहायचं. पत्र्यासमोर लाकडी चौथरा, चौथऱ्यावर त्याच गालिच्याचा तुकडा, त्यावर खुर्ची आणि खुर्चीत ठिणगीबाबा. पायांत फोमच्या जाड सपाता, डोळे मिटलेले आणि पाय सारखे थरथरणारे.

"शक्ती पायांतून चढते, लेकरांनो," बाबा सांगत. "ती चढताना देह कापतो."

कापायचे फक्त पाय. बाकीचा देह मजेत बसलेला असायचा. मग बाबांचं बोट समोरच्याच्या बोटाजवळ यायचं, फट् व्हायचं आणि त्याचं पाप जळायचं. पावसाळाभर मात्र बाबा मौनात. "आभाळातली वीज थोरली बहीण. ती आली की धाकट्यानं गप बसावं." लोकांना या नम्रतेचंही कौतुक होतं. लोकांना कशाचंही कौतुक असतं.

त्या थंडीत रांगेत क्लिपमास्तर सहकुटुंब उभा होता. हे त्याचं पेट्रोलच्या डेपोतलं नाव. टँकर भरायचं त्याचं काम. टाकीला जमिनीत उतरवलेल्या तांब्याच्या वायरीची क्लिप लावल्याशिवाय कुणी व्हॉल्व्हला हात लावला, की तो ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बरोबर आई, बायको, बायकोच्या कडेवर तान्ही मुलगी आणि थोरली बहीण. ताईचा डावा पाय लहानपणापासून अधू. तिचे बूट जाड फोमच्या तळाचे, डावा जरा जास्तच उंच. लग्न झालं नाही. तिचा सगळा जीव त्या पोरीत. पोरगीही अशी लबाड, की आईजवळ दूध पिऊन झोपायला आत्याच्या खांद्यावर जायची.

"बूट काढा," दारातला चेला म्हणाला.

"काढते. मग मला उचलून न्या."

चेल्यानं तिला नजरेनंच तोललं आणि म्हणाला, "जा, जा. असू द्या."

ताई पाय घासत गालिच्यावरून गेली, पत्र्यावर उभी राहिली. बाबांनी बोट पुढे केलं. काही नाही. बाबांनी तिच्या बोटावर बोट चेपून धरलं. तरी काही नाही. क्षणभर बाबाच घाबरले. त्यांना युक्ती माहीत होती, युक्तीमागचं कारण माहीत नव्हतं. पण जीभ मुरलेली. ती लगेच मदतीला धावली.

"या बाईत एवढा अंधार, की माझी ठिणगीही विझली! घरात तान्हं आहे ना? हिची सावली पडू देऊ नका त्याच्यावर."

ताई परत आली. सवयीनं तिनं हात पसरले. बायको पोरीला देतच होती. तेवढ्यात क्लिपमास्तरनं मध्ये घुसून पोरीला उचललं आणि ताईकडे पाठ केली. कुणी त्याला भाग पाडलं नव्हतं. आईनं नुसतं बघितलं होतं. तेवढं त्याला पुरलं.

बाहेर पडताना ताईचा तोल गेला. तिनं दारातला नळ धरला. फट्!

"अरे, या नळानं चटका दिला मला!" ती ओरडली. "तसाच! ठिणगीसुद्धा पडली!"

"नळानं आशीर्वाद दिला हिला," कुणीतरी खिदळलं.

"अरे, ऐक तरी..."

"गप बस, ताई. लोक बघताहेत," क्लिपमास्तर म्हणाला.

ताईनं नळ सोडला.

घरी पोरगी रडून रडून लाल व्हायची. ताई भिंतीच्या पलीकडे बसून ऐकायची. मध्ये दार होतं, त्याला कडीही नव्हती. तरी ती आत आली नाही. "काही दिवसांचा तर प्रश्न आहे," आई म्हणायची. "बाबा पुन्हा बघतील म्हणालेत." क्लिपमास्तर पोरीला हलवत येरझाऱ्या घालायचा आणि ताईच्या दारापाशी आला की पावलं न वाजवता वळायचा. का, ते त्यालाच ठाऊक.

डेपोत एक नवा ड्रायव्हर आला. जरा तोंडाळ. "साहेब, वायरीचं हे काय खूळ? तुमच्या डेपोचा नवस का?"

क्लिपमास्तरनं पाठ केलेली कॅसेट लावली. "अरे शहाण्या, पेट्रोल पाइपातून घासत जातं. घासलं की वीज साठते. टाकी उभी रबरी टायरांवर, विजेला जमिनीत उतरायला वाट नाही. मग ती टपून बसते. जमिनीशी जोडलेलं काही जवळ आलं, की उडी मारते. फट्! एकच ठिणगी, आणि तू, मी, डेपो, सगळं..."

तो थांबला.

"सगळं काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"क्लिप लाव," क्लिपमास्तर पुटपुटला आणि आडोशाला जाऊन उकिडवा बसला.

घासणं. रबर. वाट नाही. रोज तो हेच ओरडून सांगत होता आणि रोजच त्याचे कान बंद होते. बाबा सपाता गालिच्यावर घासत होता. ताईनंही तसल्याच तळाचे बूट तसल्याच गालिच्यावर घासले होते. जेवढी वीज बाबावर, साधारण तेवढीच ताईवर, आणि तीही एकाच जातीची. दोन भरलेल्या टाक्या सारख्याच पातळीच्या असल्या तर पाणी कुठून कुठे वाहणार? ताईची वीज अंगावर तशीच राहिली आणि नळ दिसताच त्यातून जमिनीत गेली. ताईनं हे त्याच क्षणी सांगितलं होतं. आणि तो म्हणाला होता, गप बस.

हे कळूनही तो त्या दिवशी घरी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा लबाड आहे हे सांगणं सोपं होतं. पण त्याच्या पुढचं वाक्य स्वतःबद्दल बोलावं लागणार होतं, आणि ते तो रोज उद्यावर ढकलत होता.

पुढच्या बैठकीला तो सगळ्यांना घेऊन गेला. खिशात वायरीचं भेंडोळं. एक टोक दारातल्या लोखंडी नळाला लावलं, दुसरं, क्लिपचं, मुठीत घेऊन पत्र्यावर उभा राहिला. बाबांनी बोट पुढे करताच त्यानं त्यांच्या मनगटातल्या पितळी कड्याला क्लिप लावली. फट्! क्लिपलाच ठिणगी उडाली.

"हे काय बांधलंस रे?"

"अर्थिंग. पेट्रोलच्या टाकीलाही लावतो. ती कधी रागावली नाही. आता जाळा माझं पाप."

बाबांनी बोट टेकवलं, दाबलं. पाय नुसते थरथरले नाहीत, नाचले. काही नाही.

"लोखंडाच्या स्पर्शानं शक्ती बाटते!"

"मग हा पत्रा कशाचा, साबुदाण्याचा?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. क्लिपमास्तर वळून म्हणाला, "ताई, ये. पाय घासत ये. आई, तू पाय धुऊन पत्र्यावर उभी राहा."

ताई आली. तिनं बोट पुढे केलं. फट्! आई दचकून मागे सरली आणि मुलीकडे बघतच राहिली.

क्लिपमास्तरनं सगळं सांगितलं. घासल्यानं वीज कशी साठते, ओल्या पायांतून जमिनीत कशी जाते, पावसाळ्यात दमट हवेत ती अंगावर टिकत नाही म्हणून बाबांना मौन कसं लागतं. तोवर बाबा मागच्या दारानं गेले होते. आणि गर्दी? शिंप्याची बायको पुढे झाली, ताईपुढे बोट धरून म्हणाली, "ताई, मलाही द्या ना हो एक!" तिच्यामागे रांग लागली.

"चालत्या व्हा!" ताई कडाडली. "बूट विकत घ्या आणि घरी घासा!"

घरी आल्यावर क्लिपमास्तरनं पोरीला ताईपुढे धरलं. ताईनं हात पुढे केले नाहीत.

"ठिणगीचं कारण सापडलं नसतं तर?" तिनं विचारलं.

त्यानं पोरीला आणखी थोडं पुढे केलं. खरं उत्तर तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. पोरगी दोघांच्या मध्ये हात हलवत राहिली. शेवटी ताईनंच तिला घेतलं. त्याच्याकडे न बघता.

ज्यांना ही गोष्ट बाबाची वाटली त्यांनी पुन्हा वाचावी. बाबा तर पोटासाठी पाय घासत होता. बोट चमकलं की आधी पायाखाली बघा, हे शिकायला वीस मिनिटं पुरतात. पण कारण सापडो न सापडो, कुणाच्या बोटावर ठिणगी पडली नाही म्हणून त्याच्या हातातलं मूल काढून घ्यायचं नसतं. एवढं कळायला विज्ञान लागत नाही. लाज लागते, आणि ती वेळेवर लागते.