दारू माझी, गोळी त्याची

आमच्या अदिबाचा निकाह कोरोनामुळे दोनदा पुढे गेला आणि शेवटी २०२२ च्या ऑक्टोबरात दाभोळला झाला. लेकीला सासरी पाठवून मी कुवेतला परतलो, तर नेमबाजी क्लबात, काडतुसांच्या खोलीत, माझ्या टेबलाशी दुसराच माणूस बसला होता.

त्या खोलीत मी कित्येक वर्षं काडतुसं भरत होतो. क्लबाचे जुने सभासद अबू नासर तीनशे मीटरवर रायफल चालवायचे आणि दुकानातलं काडतूस त्यांना पसंत पडत नसे. म्हणून वापरलेलं पितळ साफ करायचं, बुडात नवी टोपी बसवायची, काट्यावर दारू तोलून आत ओतायची आणि वर गोळी दाबायची, हे माझं काम. खोलीची चावी माझ्या खिशात असायची. त्याआधी मी बाहेर उन्हात लक्ष्याचे कागद चिकटवायचो. तिथं परत जायची माझी तयारी नव्हती.

"हा साबीर," अबू नासर म्हणाले. "तुझ्याच गावाकडचा."

गावाकडचा कसला! तो श्रीवर्धनचा, मी दाभोळचा. इथल्याच हवल्लीत घड्याळं दुरुस्त करायचा, आणि मी रजेवर गेल्याबरोबर इथं येऊन चिकटला.

"सलाम, फारूकचाचा. तुमचं नाव फार ऐकलंय."

"कोणाकडून?"

"अबू नासर सांगत होते. म्हणाले, म्हातारा दारूचा पक्का आहे."

म्हातारा! स्वतःच्या दाढीतलं पांढरं त्याला दिसत नव्हतं बहुतेक.

जानेवारीत स्पर्धा होती. अबू नासरांनी दोघांना समोर उभं करून सांगितलं, "दोघंही काडतुसं बनवा. ज्याची पाच छिद्रं जास्त जवळ, त्याची चावी. दुसऱ्यानं बाहेरचं काम बघायचं."

मी माझ्या रीतीनं सुरुवात केली. दारू थोडी थोडी वाढवत पाच-पाच काडतुसांचे गट केले. अक्षरं मी नंतर शिकलो. तेव्हा गट ओळखायला काडतुसांच्या बुडाला माझ्या बायकोच्या, ताहिराच्या, नेलपॉलिशचा ठिपका द्यायचो. लाल, गुलाबी, जांभळा.

"लेकीच्या लग्नात मला लावायला मिळालं नाही," रिग्गईच्या घरी ताहिरा ओरडायची, "आणि तुमच्या काडतुसांची रोज मेंदी!"

जांभळा गट सर्वांत चांगला निघाला. चार छिद्रं एकमेकांत शिरलेली, पण पाचवं दोन बोटं उजवीकडे. पुन्हा भरून दिली, पुन्हा चार आत आणि एक बाहेर. अबू नासर म्हणाले, चूक त्यांच्या खांद्याची असेल. तसं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

साबीरनं काय केलं? माझ्या जांभळ्या गटातलं एक काडतूस उघडून दारूचं माप घेतलं आणि तेच वापरलं. दारूला त्यानं बोटही लावलं नाही. डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग लावून गोळी पितळात केसभर खोल, केसभर वर, एवढंच बदलत बसायचा. रायफलीच्या नळीत आटे असतात. त्यांच्यापासून गोळी किती लांब उभी आहे त्यावर ती सरळ निघणार की डुलत, असं त्याचं म्हणणं. मनाजोगती खोली सापडली तेव्हा त्यानं कानशीनं घासून पितळेचं एक छोटं माप केलं, म्हणजे प्रत्येक गोळी तेवढीच बसावी.

त्याची पाच छिद्रं शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकली गेली.

अबू नासरांनी तो कागद चहाच्या जागी आणून सगळ्यांना दाखवला. "साबीरचं काडतूस!" म्हणाले. लोक साबीरची पाठ थोपटत होते. मी चहाचा पेला खाली ठेवला.

"काय रे घड्याळवाल्या," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दारू माझी आणि नाव तुझं होय?"

"चाचा, हळू बोला."

"का हळू? लाज वाटते? दारू माझी! माझ्या दारूवर उड्या मारतोस!"

दारावरचा नवा पहारेकरी हिंदी बोलणारा. त्यानं तेवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुदीरनं, म्हणजे क्लबाच्या व्यवस्थापकानं, मला बोलावलं. साबीर आणि अबू नासरही तिथं होते. माझं कपाट उघडून सामान जमिनीवर काढलेलं. पहारेकरी म्हणाला, "साहब, इसने खुद बोला, दारू मेरी है." कुवेतमध्ये बाटली सापडली की माणूस तुरुंगात नाहीतर विमानात. मुदीर अरबीत भराभर विचारत होता. बारूद हा अरबीतलाही साधा शब्द, रोजचा, पण माझ्या तोंडातून निघेना.

मी साबीरकडे पाहिलं. त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं. चावी त्याची होती.

"मुदीर, बारूद!" साबीर म्हणाला. "आमच्या कोकणात डुकरामागे ठासणीची बंदूक घेऊन जातात. तिच्यात भरतात ती दारूच. पिण्याची वेगळी."

"दोन्हींना एकच शब्द?"

"एकच. त्यामुळे आमच्याकडेही भांडणं होतात."

मुदीर हसला. अबू नासर हसले नाहीत. "बारूद त्याची म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे खरंच त्यांची. मी फक्त गोळी बसवली. माप फारूकचाचांनी काढलेलं."

अबू नासरांनी चावी माझ्या हातात ठेवली. "बारूद ज्याची, चावी त्याची. साबीर, तू याच्या शेजारी बस."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "तुला मध्ये बोलायला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्ही विमानात बसला असता तर मला शिव्या कोणी घातल्या असत्या, चाचा?"

चावी त्यानं स्वतःकडे ठेवली असती तर मी दोन दिवस जळून गप्प बसलो असतो. त्यानं ती मला दिली, आणि रोज सकाळी त्याच्यासाठी दार उघडताना ती माझ्या बोटांना टोचायची.

जानेवारीत अबू नासर दुसरे आले. ढाल उंच धरून ओरडले, "साबीरची गोळी!" सगळे टाळ्या वाजवत होते. फारूकची दारू, असं या देशात कोण ओरडणार?

आता टेबल माझ्या एकट्याचं आहे. त्याचं माप खणात ठेवून मी गोळीची दुसरी खोली शोधून पाहिली, खोल, उथळ, सगळी. प्रत्येक वेळी पाचवं छिद्र बाहेर जातं. मग खण उघडतो आणि माप काढतो. सभासद अजून येऊन विचारतात, साबीरची गोळी आहे का. आहे, म्हणतो.

साबीर ११ जानेवारी २०२४ ला, गुरुवारी सकाळी, हवल्लीतल्या त्याच्या खोलीवर हृदय बंद पडून वारला.