कमरेतलं कापड

बाबा कामावरून येताना रोज कोपऱ्यावर बर्गर खायचे आणि वर आम्हाला ऐकवायचे, “दोष बर्गरचा नसतो, माणसाला आवर हवा. माझी लग्नातली पँट मला अजून होते.”

आई शिवणकाम करायची. पँट धुवायला पडली की ती गुपचूप कमरेची शिवण उसवून थोडी सैल करून द्यायची.

काल चहा पिताना बाबांनी पुन्हा तीच टिमकी वाजवली. आईने पँट उलटी करून त्यांच्या मांडीवर टाकली. कमरेला जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगाच रांगा होत्या.

“आत दुमडलेलं कापड संपलं,” ती म्हणाली. “आता सैल होणार नाही.”

बाबा त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले.

“आधी सांगायचं नाही का?”

“मी कशाला सांगू? पोट तुमच्याजवळच होतं की.”