एक मॅच जिंकू दे

सुलेखा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होतो. तिचा जांभळा स्वेटर घरी राहिला होता. तो आणायला मी बॉथेलला जाऊन आलो होतो. ऑगस्ट संपत आला होता, शनिवार होता आणि संध्याकाळी इथल्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमची सीझनमधली पहिली मॅच होती. टीमचा रंग अंगावर असल्याशिवाय सुलेखा मॅच बघत नसे. ऑपरेशन चांगलं झालं होतं, सोमवारी घरी सोडणार होते. मी गाडी लावत असतानाच रुहीचा फोन आला. रुही आमची एकुलती एक मुलगी, बेलव्ह्यूला नोकरी करते. ती आईजवळ थांबली होती. "बाबा, वर या. लवकर या," ती म्हणाली. रुही इकडेच जन्मली, घाईत ती नेहमी इंग्रजी बोलते. ती मराठीत बोलली यावरूनच मला कळलं.

मी वर गेलो तेव्हा सगळं संपलं होतं. भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून चालू होता. मॅच सुरू व्हायला वेळ होता. ती मॅच आपली टीम हरली हे मला दोन-तीन दिवसांनी समजलं.

आमच्यासारख्या माणसांना या खेळाचा नाद कसा लागला, असं लोक विचारतात. मी विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या मशिन शॉपमध्ये काम केलं. सुलेखा युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये काउंटरवर वाढायला होती. टीमची पोरं तिथे जेवायला यायची. तिला त्यांची नावं नीट घेता यायची नाहीत, पण कोण काय खातो ते पाठ होतं. टीव्हीवर एखाद्याच्या हातून चेंडू सुटला की ती म्हणायची, "सकाळी नुसतं फळ खाऊन गेला असणार हा." तिच्यामुळे मी बघायला लागलो, आणि मग तिच्यापेक्षा जास्त ओरडायला लागलो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच शनिवारी सकाळी, ती म्हणाली होती, "अहो, यंदा एक मॅच जिंकू दे, मग मला कराडला घेऊन चला. मी बोलून ठेवलंय."

"कुणाला बोललीस?"

"ज्याला बोलायचं त्याला."

कराड तिचं माहेर. दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं. कधी रुहीची परीक्षा, कधी माझी सुट्टी. आधीचे सीझन वाईट गेले होते, तरी एक मॅच म्हणजे काही फार मागणं नव्हतं.

दिवसकार्य इथेच करायचं ठरलं. अस्थी जाड प्लास्टिकच्या काळ्या पेटीत मिळाल्या. वर तिचं नाव इंग्रजीत होतं, स्पेलिंग बरोबर होतं. कराडला, संगमावर न्यायच्या हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मी म्हणालो, ती नवस बोललीय, आधी टीम जिंकू दे. कुणी हरकत घेतली नाही. आमच्या गल्लीत राहणारा मनोहर नागपूरचा. तो म्हणाला, "अरे भाऊ, एकच मॅच ना? बॅग भरूनच ठेव तू."

पुढची मॅच आपल्या मैदानावर होती. मी आणि मनोहर माझ्या घरी बघायला बसलो. टीम मागे होती, पण अगदी शेवटी आपल्या पोराने धावत जाऊन चेंडू रेषेपार पोहोचवला आणि आनंदाच्या भरात वर उडवला. पंचांनी दंड केला. जास्त आनंद दाखवायचा नाही, असा नियम आहे. दंडामुळे बरोबरीची किक लांबून मारावी लागली, ती अडवली गेली आणि एका पॉइंटने हरलो.

"आनंद झाला म्हणून दंड?" मनोहर म्हणाला. "हे काय, शाळा आहे का?"

मी भरलेली बॅग तशीच भिंतीला लावून ठेवली.

मग टीम हरतच गेली. थोडक्यात हरली, सपाटून हरली, दुसऱ्यांच्या गावी हरली आणि घरच्या मैदानावरही हरली. मनोहरने क्रिकेटचा नियम लावला. खेळ चालू असताना कुणी जागा सोडायची नाही. तो खुर्चीत, मी गालिच्यावर. सोफ्याचा दिव्याजवळचा कोपरा सुलेखाचा होता. तिथे कुणी बसत नसे. कोचला सीझननंतर काढणार हे मधेच जाहीर झालं. तरी तो दर शनिवारी मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहायचा. त्याला निघताही येत नव्हतं आणि काही बदलताही येत नव्हतं. मनोहर त्याला शिव्या द्यायचा. मी देत नसे.

शैलजा, सुलेखाची धाकटी बहीण, कराडहून फोन करायची.

"दाजी, चेंडूच्या खेळावर अस्थी अडवून ठेवतं का कुणी?"

"तुझी ताईच बोलली होती."

"ताई काय, लहानपणापासून काहीही बोलायची. मॅट्रिकला म्हणाली होती, गणितात सुटले तर कृष्णामाईला साडी नेसवीन."

"मग नेसवली?"

"सुटली कुठे? नापास झाली!"

आम्ही दोघंही हसलो. 

"ती अडकलीय, दाजी," शैलजा म्हणाली. "तिला सोडा आता."

मी बरं म्हणालो. पेटी बेडरूमच्या कपाटात होती. मी तिच्यावर तो जांभळा स्वेटर घडी करून ठेवला होता. रोज शर्ट काढताना दिसायची. सकाळी उठून कपाट उघडायचं, ते लावायचं आणि शनिवारची वाट बघायची, असे माझे दिवस चालले होते. दुसरीकडे कुठे जायला मला जमत नव्हतं. रुहीने एकदा समुद्रावर नेलं, तर अर्ध्या रस्त्यातून मी तिला गाडी वळवायला लावली. गॅस चालू राहिलाय, असं तिला सांगितलं.

नोव्हेंबरात डोंगरापलीकडच्या युनिव्हर्सिटीशी मॅच होती. हे दर वर्षीचं जुनं वैर. त्यांची टीमही त्या वर्षी आपल्याइतकीच वाईट होती. मनोहर चिवडा घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, "भाऊ, आज काळजी नाही. दोघांपैकी एकाला तरी जिंकावंच लागेल."

रुही लॅपटॉप घेऊन आली होती. मुंबईची दोन तिकिटं तिने निवडून ठेवली होती, नुसतं बटण दाबायचं बाकी होतं.

"आज होणार, काका?" तिने मनोहरला विचारलं.

"आज वहिनींची सुटका. लिहून घे. आणि तू जागची हलू नको."

"आय ॲम नॉट मूव्हिंग, काका."

आपण पुढे होतो. अर्धा खेळ झाला, पुढेच होतो. मग त्यांनी थोडं अंतर कमी केलं, तरीही आपणच पुढे. शेवटची काही सेकंदं उरली. मनोहर खुर्चीच्या कडेवर आला. रुहीचं बोट बटणावर होतं. ती माझ्याकडे बघून हसत होती, डोळ्यांत पाणी होतं. आणि एकदम विमानात पेटी मांडीवर घेऊन बसलेला मी मला दिसलो. मग घाट, नदी. मग परतीचं विमान. जाण्याबद्दल सगळेच बोलत होते. येताना माझ्या हातात काय असेल, हे कुणी विचारत नव्हतं.

त्यांच्या पोराने खांबांमधून चेंडू मारला आणि बरोबरी झाली.

मनोहर नागपुरी शिवी हासडून डोकं धरून बसला. मी श्वास सोडला. मोठा होता तो, मला स्वतःला ऐकू आला. रुहीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

जादा वेळेत आपण हरलो. मनोहर चिवड्याचा डबा तिथेच विसरून घरी गेला. रुहीने लॅपटॉप मिटला.

"बाबा, यू वॉन्टेड दिस."

"काहीतरीच काय बोलतेस."

"आय सॉ यू." मग ती एकेक शब्द जुळवत मराठीत बोलली. "आई म्हणाली होती, मला घेऊन चला. मला. ती विमानात बसणार होती. तिला खिडकी हवी होती. बॉक्स न्या असं ती म्हणाली नव्हती."

"मला माहीत आहे."

"मग नवस कसला? पहिल्या मॅचच्या आधीच संपला ना तो?"

मी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं. ती बरोबर बोलत होती. सुलेखाने मागितलं ते तिच्यासाठी आणि माझ्यासाठी, दोघांच्या जाण्यासाठी. ते हॉस्पिटलच्या त्या खोलीतच राहिलं. पुढे सगळा सीझन मी जो धरून बसलो तो माझा नवस होता, आणि मी तो उलटा बोललो होतो. दर शनिवारी मी जिंका म्हणून ओरडत होतो. पण हरल्यावर रात्री मला बरी झोप लागत होती.

हे मी रुहीला सांगितलं नाही. ती जाताना म्हणाली, "अजून एक मॅच आहे. नंतर काय सांगणार तुम्ही?"

शेवटची मॅच डिसेंबरात कॅलिफोर्नियात होती. मनोहरला आता बघवत नाही म्हणून तो आला नाही. मी एकटाच होतो. नियम पाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी सुलेखाच्या कोपऱ्यात बसलो. तिथून टीव्ही तिरका दिसतो. समोर माझी गालिच्यावरची जागा दिसते. इतकी वर्षं ती मॅच कशी बघत होती कोण जाणे.

आपण सपाटून हरलो. टीम सबंध वर्षात एकही मॅच जिंकली नाही. मैदानावर पोरं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत आत निघून गेली. त्यांचं सुटलं.

थोड्या वेळाने रुहीचा फोन आला.

"संपलं ना, बाबा?"

"संपलं."

"जानेवारीची तिकिटं मिळतायत. मी येते सोबत. परत येतानाही मी असेन. काढू?"

परत येताना, हे तिने कसं ओळखलं ते मला माहीत नाही. मी हो म्हणायला तोंड उघडलं.  पुढचा सीझन नऊ महिन्यांवर आहे, हे मात्र लगेच मनात आलं, आणि त्याची मला लाज वाटली.

"बाबा? आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "उद्या सांगतो."

त्याला आता बरेच दिवस झाले. रुहीने पुन्हा विचारलेलं नाही. बॅग भिंतीला आहे, पेटी कपाटात स्वेटरखाली आहे. कराडचं तिकीट मी अजून काढलेलं नाही.