चौथा खटका

मित्रांनो, मी चार खांबांची एक जुनी लिफ्ट आहे. मोटारगाड्या उचलून धरणं हे माझं काम. नारायणगावात चांगदेवभाऊंच्या घराला लागून जे गॅरेज आहे, तिथं मी उभी असते. माझ्या हातून जे घडलं, ते सांगताना मला आजही लाज वाटते. तरी सांगते.

आधी मी चाकणच्या एका वर्कशॉपात आठ वर्षं राबले. ते बंद पडलं तेव्हा चांगदेवभाऊंनी मला टेंपोत घालून घरी आणलं. त्यांच्याकडे वडिलांची जीप होती, नवी कार होती, आणि जागा मात्र एकाच गाडीची. जीप माझ्यावर चढवायची आणि खाली कार लावायची, असा त्यांचा बेत.

मला बसवायला भरत फिटर आला. त्यानं जुनी फरशी उखडायला लावली, जाड काँक्रीट ओतून घेतलं आणि ते पुरतं पक्कं होईपर्यंत महिनाभर मला आडवंच ठेवलं. मग ओळंबा लावून खांब उभे केले, बोल्ट आवळले. जाताना म्हणाला, "चांगदेवभाऊ, गाडी वर नेली की जराशी खाली सोडायची. चारी खांबांत खटके पडले पायजेत. मग वजन खटक्यांवर बसतं, वायररोपवर न्हाई. चार आवाज ऐकल्याबिगर खाली कुणी जायचं नाय."

हे सगळ्यांत नीट ऐकलं ते भाऊंच्या पत्नीनं, शीलावहिनींनी. दर महिन्याला शिडी लावून त्या माझ्या वायररोपना, म्हणजे गाडी उचलणाऱ्या पोलादी दोरांना, ग्रीस लावायच्या, खटक्यांच्या खाचा चिंधीनं पुसायच्या. ओझरला दर्शनाला आलेले पाहुणे मुद्दाम मला बघायला यायचे, आणि मी फुशारून जायची.

पुढं वहिनींचे गुडघे दुखू लागले. शिडी चढणं बंद झालं. "मी बघतो," भाऊ म्हणाले, पण त्यांनी कधीच बघितलं नाही. वायररोपच्या तारा गंजून एकेक तुटू लागल्या. मागच्या खांबाच्या खाचेत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं. मला सगळं कळत होतं, पण सांगू कशी?

एक दिवस बेल्ह्याचा बाजार करून वहिनींचे भाऊ, गेणभाऊ, घरी आले. त्यांना दाखवायला म्हणून वहिनींनी बटन दाबून जीप वर नेली, जराशी खाली सोडली. चांगदेवभाऊ लगेच तिच्याखाली जायला निघाले.

"अहो, थांबा! तीनच खटके वाजले. चौथा खटका पडला न्हाई."

"पडला की! तुझे कान गेल्यात." पाहुण्यासमोर बायकोनं अडवलेलं त्यांना रुचलं नाही. ते जीपखाली शिरले.

वहिनींनी धावत जाऊन त्यांचा शर्ट धरला आणि मागं ओढलं. त्याच क्षणी माझी वायररोप तुटली. मागचा कोपरा खचला. चाकाला लावलेला लोखंडी ठोकळा घसरला आणि वहिनींच्या पावलावर पडला.

"दाजी, काय झालं हे?" गेणभाऊ ओरडले.

भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हिनं... हिनं बटन चुकीचं दाबलं."

वहिनी पाऊल धरून खाली बसल्या.

"शीले, आज दाजी जीवानिशी गेलं असतं की गं!" गेणभाऊ त्यांनाच बोलले.

पावलाची हाडं मोडली होती. विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊंनी तीच बटनाची गोष्ट सांगितली. पाय मोडला मी, आणि बोल लागला त्या माउलीला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्यानं भरत दुरुस्तीला आला. दारात प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून वहिनी बसल्या होत्या. भरतनं खाचेतली माती उकरून हातावर घेतली. "भाऊ, बटनाचा काय दोष नाय. हे कधी साफ केलं व्हतं?"

भाऊंनी ती माती स्वतःच्या हातावर घेतली. मग त्यांनी वहिनींसमोरच फोन लावला. "गेणभाऊ, शीलानं बरोबर दाबलं व्हतं. तिनं मला थांब म्हणलं, मीच ऐकलं न्हाई. तिनं मला वाचवलं, आन मी खोटं बोललो."

"एवढं बोलायला महिना लागला व्हय?" वहिनी म्हणाल्या. कुबडी घेऊन त्या आत गेल्या. भाऊ तिथंच बसून एकेकाला फोन करत राहिले, प्रत्येकाला तेच सांगत.

मित्रांनो, घरातल्या यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल करा. कुणी थांब म्हणालं तर थांबा. आणि चूक झाली तर ती त्याच दिवशी, त्याच माणसांसमोर कबूल करा. भाऊंनी सगळ्यांना खरं सांगितलं, पण वहिनी अजून लंगडतच चालतात. त्या दारावरून गेल्या की मला त्यांच्याकडे बघवत नाही.