उरल्या बियांची उसळ

घेवड्याच्या बियाण्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला गोजराबाईला मुळीच खपत नसे. मखमलाबादच्या त्या मळ्यात बी राखायचं काम तिचं. ताज्या गोमूत्रात हिंग कालवायचा, बी त्यात चोळायचं, वर चुलीची चाळलेली राख लावून सावलीत सुकवायचं. मग बुरशी जवळ फिरकत नाही म्हणे! पण सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर अशी लागोपाठ दोन सालं वावरात पाणी साचलं आणि निम्मं बी मातीतच कुजलं. "यंदा दुकानातली पूड लावू," असं मुलगा निवृत्ती म्हणाला, तशी ती कडाडली, "इख लावतो व्हय रं माझ्या बियाला? पेरून उरलेलं आपुन खातो, ठावं हाय ना?"

ठाऊक होतं की! पेरणीच्या संध्याकाळी उरलेलं बी धुऊन त्याची उसळ करायची आणि पहिला घास बी राखणारीने घ्यायचा, ही त्या घरची रीत. पण दोन हंगाम हात चोळत बसलेल्या निवृत्तीला कोंब उभे राहिलेले बघायचे होते. आई देवळात गेली तेव्हा त्याने ती विषारी पूड तिच्याच बियात कालवली. पूडही राखाडी, कळतंय कुणाला! उरलेलं बी आपण गुपचूप पुरून टाकू, असं त्याने ठरवलं. शहाणाच मोठा!

सकाळी पेरणी उरकली. वांगी नासतील म्हणून आधी टेम्पो बाजारात न्यावा, दुपारी येऊन बी पुरावं, असा त्याचा बेत. पण बाजारातून परतताना शहरातल्या द्वारकेच्या चौकात टेम्पो बंद पडला. तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती.

त्याची बायको चांगुणा ताट वाढून घेत होती. त्याने ते लाथेनेच उडवलं.

"आईनं खाल्लं?"

"वाटीभर. चांगलं सात पाण्यानं धुतलं व्हतं मी. असं काय करता?"

गोजराबाई मागच्या दारी ओकत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंय यांनी? खरं सांगा, औषध त्यावर ठरेल." निवृत्तीने तोंड उघडलं, तेवढ्यात गोजराबाईच म्हणाली, "माझ्याच हातचं बी, सायेब. राखेतलं. त्यानं काय बी होत नाय. इचारा ह्याला." आणि तिने लेकाकडे पाहिलं. मेल्याने मान डोलावली. मान डोलावली हो!

तिसऱ्या दिवशी ती गेली.

घेवडा मात्र असा उगवला की एक बी वाया गेलं नाही. तेराव्याला आलेल्या शेजारच्या साळूबाईने बांधावरून ते वावर पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. "बाईच्या हाताला गुण व्हता रे. काय लावायची ती बियाला?"

"राख," निवृत्ती म्हणाला. "गोमूत्र आन हिंग."

चांगुणा मागेच उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला ते लाथाडलेलं ताट आठवलं. त्या दिवसापासून तिने त्याला पुढे बसून कधी वाढलं नाही. ताट जमिनीवर ठेवायची आणि निघून जायची.